धरण १०० टक्के भरलं, तरी पाणीकपात का? आकड्यांचं चित्र काढायला शिकताना

एका जुलैतली गोष्ट. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या मावशीचा सकाळीच फोन आला. "अगं, खडकवासला १०० टक्के भरलंय. मुठेत पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली गेलाय. आणि आमच्याकडे अजून कपात? हे काय चाललंय?" पाठोपाठ तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्रही पाठवलं. चार धरणांचे चार निळे स्तंभ. खडकवासल्याचा स्तंभ थेट छताला टेकलेला, पानशेत आणि वरसगाव निम्म्याच्याही खाली, टेमघर अगदी तळाशी.

चित्रातला एकही आकडा खोटा नव्हता. तरीही ते पाहून मावशीचा जो समज झाला तो चुकीचा होता, आणि तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून दोनशे मेसेज पडले होते. दर पावसाळ्यात धरणसाठ्याची, दर मे महिन्यात निकालाची आणि दर निवडणुकीत मतदारसंघांची अशी चित्रं आपल्या फोनवर येतात. ती नीट वाचायची तर एकदा स्वतः काढून पाहावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायला हवं असं अजिबात नाही. शाळेतला आलेखाचा कागद आठवत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे.

## वाटी भरली, पिंप अर्धं

आधी मावशीचं कोडं सोडवू. धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ लाखांहून जास्त टँकर.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणं आहेत. त्यांचा उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येण्याजोगं पाणी किती मावतं ते असं: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. चारही मिळून २९.१५. शहराच्या सगळ्यात जवळचं, रविवारी कणीस खायला लोक जातात ते खडकवासला या साखळीतलं सगळ्यात लहान भांडं आहे. एकूण साठ्यात त्याचा वाटा सात टक्क्यांहूनही कमी.

घरातली गोष्ट घ्या. ओट्यावर एक वाटी काठोकाठ भरलीय आणि मोरीतलं पिंप एक तृतीयांश भरलंय. पाणी जास्त कशात? पिंपात, हे लहान मूलही सांगेल. पण 'वाटी १०० टक्के, पिंप ३३ टक्के' असे दोन स्तंभ काढले की डोळा वाटीच्या बाजूने कौल देतो. मावशीच्या चित्राने हेच केलं होतं.

शिकण्यापुरते सोपे टक्के धरू. खडकवासला १००, पानशेत ४०, वरसगाव ३५, टेमघर २०. आता साखळीत एकूण किती टक्के पाणी आहे? चारांची बेरीज करून चाराने भागलं तर जवळपास ४९ येतात. ग्रुपवर कुणीतरी तेच करून 'निम्मं पाणी आहे' असं लिहिलंही होतं. आता टीएमसीत मोजा: १.९७ अधिक ४.२६ अधिक ४.४९ अधिक ०.७४, म्हणजे ११.४६ टीएमसी. २९.१५ पैकी ११.४६ म्हणजे ३९ टक्के. सरासरी काढताना वाटी आणि पिंप यांना सारखं वजन दिलं गेलं, म्हणून कागदावर ३९ च्या जागी ४९ टक्के पाणी दिसलं. टक्केवारी दिसली की 'कशाच्या?' हे विचारायची सवय लावून घ्या. आलेख काढायला बसण्याआधी शिकायची गोष्ट हीच.

## चित्र काढण्याआधी प्रश्न लिहा

नवशिके बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आकडे शीटमध्ये टाकतात, चार्टच्या यादीतला देखणा प्रकार निवडतात आणि मग हे नेमकं काय सांगतंय ते शोधत बसतात. त्याऐवजी एका ओळीत प्रश्न लिहून काढा. मावशीचा प्रश्न 'कोणतं धरण किती टक्के भरलं?' हा नव्हताच. तिला विचारायचं होतं, 'आम्हाला पुरेल इतकं पाणी आहे का, आणि ते कुठे आहे?'

प्रश्न पक्का झाला की चित्राचा प्रकार बहुधा आपोआप ठरतो. कशात जास्त, कशात कमी, हे विचारायचं असेल तर स्तंभालेख. दिवसागणिक किंवा वर्षागणिक काय झालं हे पाहायचं असेल तर रेषालेख, म्हणजे बिंदू काढून ते जोडणं. एकूणातला वाटा दाखवायचा असेल तर विभाजित स्तंभालेख किंवा वृत्तालेख. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे का, उदाहरणार्थ पाऊस आणि कांद्याचा भाव, हे पाहायचं तर दोन अक्षांवर नुसते ठिपके. ही सगळी नावं आपल्या शालेय गणितातलीच आहेत. नवं काही नाही, फक्त पट्टी-पेन्सिलीच्या जागी माउस आला.

## हाताने करून पाहू

गूगल शीट्स उघडा. एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क असेल तरी चालेल. पहिल्या ओळीत तीन शीर्षकं लिहा: धरण, भरलेलं, रिकामं. खाली चार ओळी. वरसगाव ४.४९ आणि ८.३३. पानशेत ४.२६ आणि ६.३९. टेमघर ०.७४ आणि २.९७. खडकवासला १.९७ आणि शून्य. सगळा भाग निवडा, 'इन्सर्ट' मेनूतून 'चार्ट' घ्या आणि उजवीकडे उघडलेल्या रकान्यात 'स्टॅक्ड बार' निवडा.

आता प्रत्येक आडवा पट्टा त्या धरणाएवढा लांब आहे. त्यातलं पाणी निळं ठेवा, रिकाम्या जागेचा रंग फिकट राखाडी करून घ्या. वरसगावचा लांबलचक पट्टा बराचसा राखाडी, आणि तळाशी खडकवासल्याचा पूर्ण निळा पण बोटभर तुकडा. कपात का सुरू आहे हे सांगायला आता एका वाक्याचीही गरज उरत नाही.

पहिल्याच प्रयत्नात चार्ट रिकामा आला तर घाबरू नका, शीटमधल्या आकड्यांकडे नीट बघा. आकडा खऱ्या अर्थाने आकडा असेल तर तो रकान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर असेल तर डावीकडे. रकान्यात '४.४९ टीएमसी' असं लिहिलं की शीटच्या लेखी ते वाक्य झालं. एकक शीर्षकात लिहा, रकान्यात फक्त संख्या. देवनागरी अंक टाइप केले तरी बहुतेक वेळा हीच अडचण येते, म्हणून शीटमध्ये इंग्रजी अंक वापरा. पीडीएफमधून आकडे चिकटवले असतील तर मागेपुढे न दिसणाऱ्या मोकळ्या जागा येतात, त्या काढा.

तारखांचा घोळ वेगळाच असतो. ३/७ म्हणजे आपल्यासाठी ३ जुलै, पण शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर ती ७ मार्च समजते आणि पावसाळ्याचा आलेख उन्हाळ्यात सुरू होतो. गूगल शीट्सच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' नावाची जागा आहे, तिथे भारत निवडलं की हा त्रास जातो.

आणखी एक. ज्या तक्त्यात दोन-तीन घरं जोडून मधोमध 'पुणे विभाग' असं लिहिलेलं असतं, तो वाचायला छान पण चार्टसाठी निरुपयोगी. एका ओळीत एकच धरण, एका रकान्यात एकच प्रकारची माहिती. किराणाच्या वहीत आपण साखर आणि तेल एका ओळीत लिहीत नाही, तसंच.

शीट्सच्या पुढे जायचं असेल तर डेटारॅपर आणि फ्लरिश ही ब्राउझरमध्ये चालणारी साधनं आहेत. शीटमधला तक्ता कॉपी करून तिथे चिकटवायचा की झालं. डेटारॅपरची चित्रं साधी आणि स्वच्छ येतात, म्हणून मी सुरुवातीला तेच सुचवते. मोफत खात्यावरून प्रसिद्ध केलेलं चित्र आणि त्यामागचा तक्ता कुणालाही दिसू शकतो, हे मात्र लक्षात ठेवा. सोसायटीच्या थकबाकीदारांची नावं आणि फोन नंबर तिथे टाकू नका.

## आडवे पट्टे का? गोल चकती का नको?

'छत्रपती संभाजीनगर' हे नाव उभ्या स्तंभाखाली लिहून पाहा. एक तर ते तिरकं होतं किंवा अर्धं कापलं जातं, आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. मराठी नावं लांब असतात. आडवे पट्टे काढले की नावं सरळ ओळीत बसतात. पट्टे मोठ्याकडून लहानाकडे लावा. वर्णक्रमाने लावलेली यादी शोधायला बरी, पण तुलना करायला डोळ्याला पुनःपुन्हा उड्या माराव्या लागतात.

वृत्तालेख, म्हणजे ती गोल चकती, सगळ्यांच्या आवडीची. तिची अडचण आपल्या डोळ्यात आहे. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी माणसं आलेखातले फरक किती अचूक ओळखतात ते तपासलं. एकाच रेषेवर उभ्या असलेल्या गोष्टींची तुलना आपल्याला सगळ्यात चांगली जमते. त्यानंतर लांबी. कोन ओळखताना जास्त चुका होतात, क्षेत्रफळाला त्याहूनही. घरी करून पाहा: दोन भाकऱ्यांचे वेगवेगळे तुकडे करा आणि कुठला मोठा ते विचारा, वाद होईल. दोन काकड्या शेजारी ठेवा, वाद होणार नाही. दोन-तीनच वाटे असतील आणि त्यांत ठळक फरक असेल तर चकती खुशाल वापरा. सात पक्षांच्या मतांसाठी नको.

क्षेत्रफळाची गफलत तर वर्तमानपत्रांतही दिसते. पाणी दुप्पट झालं म्हणून हंड्याचं चित्र दुप्पट उंच काढतात. पण चित्र दुप्पट उंच केलं की रुंदीही दुप्पट होते, आणि कागदावर चौपट जागा व्यापली जाते. वाचकाला वाटतं पाणी चौपट झालं.

## उजनी 'उणे' कसं जातं?

आता सोलापूरकरांचा जुना प्रश्न. उन्हाळ्यात बातमी येते, 'उजनी उणे ४० टक्के'. बादलीत उणे पाणी कसं असेल?

घरावरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिचा नळ तळापासून वीतभर वर असतो. पाणी नळाच्या पातळीला आलं की नळ कोरडा पडतो, पण टाकीच्या तळाशी वीतभर पाणी असतंच. धरणातही तसंच. कालव्यात पाणी सोडण्याच्या पातळीखाली जे उरतं त्याला मृतसाठा म्हणतात. टक्केवारीचं शून्य तळाशी नसतं, त्या पातळीवर असतं. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ५३.५७ उपयुक्त, आणि तब्बल ६३.६६ मृतसाठा. पाणी शून्याखाली गेलं तरी नदीत सोडून किंवा पंपाने उपसून ते वापरलं जातं, आणि त्याची मोजणी 'उणे' अशी होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

हिशेब करून पाहा. उणे ५० टक्के म्हणजे शून्याखाली आणखी २६.८ टीएमसी गेलं. ६३.६६ मधून ते वजा केलं तर जवळपास ३७ टीएमसी शिल्लक. पुण्याची चारही धरणं तुडुंब भरली तरी २९.१५! एकीकडे 'उणे ५०', दुसरीकडे 'शंभर टक्के', आणि पाणी जास्त कुठे, तर उणेमध्ये. अर्थात हा कागदावरचा हिशेब आहे. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी कमी असतं, आणि ते शेतापर्यंत पोचवणं अवघड असतं. उजनीवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याची काळजी खरीच आहे. चित्र काढताना मात्र शून्य कुणी, कुठे आणि का ठरवलं ते सांगायलाच हवं. उजनीचा उभा पट्टा काढायचा तर मी तो तळापासून काढते, मृतसाठा वेगळ्या करड्या रंगात दाखवते आणि नळाच्या पातळीवर एक ठळक आडवी रेघ मारते. 'उणे' या शब्दाचं कोडं त्या रेघेनेच सुटतं.

## शून्य कापलं की काय होतं

शून्याचा दुसरा घोटाळा जास्त सर्रास दिसतो. २०२५ चा दहावीचा निकाल घ्या. कोकण विभाग सगळ्यात वर, ९८.८२ टक्के. नागपूर सगळ्यात खाली, ९०.७८ टक्के. शून्यापासून स्तंभ काढले तर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, आणि उत्तीर्ण होण्याच्या बाबतीत ते जवळपास सारखेच आहेत. पण अक्ष ९० पासून सुरू केला तर कोकणाचा स्तंभ ८.८२ उंचीचा आणि नागपूरचा ०.७८ उंचीचा. म्हणजे कोकण अकरापट! नागपूरची मुलं नापासच झाली असं कुणालाही वाटेल.

स्तंभाची लांबी हाच त्याचा अर्थ असतो. पाय कापून माणसाची उंची मोजत नाहीत. म्हणून स्तंभ शून्यापासूनच सुरू करा, इथे सवलत नाही. शाळेत अक्ष मध्येच तोडायचा झाला तर मुळाशी छोटी नागमोडी खूण काढायला लावायचे. त्या खुणेनेही स्तंभालेखाचं भागत नाही, कारण डोळा खूण वाचण्याआधी लांबी वाचून मोकळा होतो.

यावर कुणी रास्तच विचारेल: मग आठ टक्क्यांचा खराखुरा फरक दाखवायचाच नाही का? दाखवायचा, पण अक्ष कापून नव्हे, मोजमाप बदलून. अनुत्तीर्णांचा स्तंभ काढा. कोकणात १.१८ टक्के, नागपूर विभागात ९.२२ टक्के. शून्यापासून काढूनही जवळपास आठपट फरक दिसतो, आणि तो खरा आहे. ज्या शिक्षकाला मागे पडलेल्या मुलांसाठी काही करायचं आहे त्याच्या कामाचं हेच चित्र. दोन्ही चित्रं खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. मला या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते.

रेषालेखाला मात्र शून्याची सक्ती नाही. तिथे लांबी नव्हे, चढउतार वाचायचा असतो. आजाऱ्याच्या तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर ९८ आणि १०३ मधला फरक दिसणारच नाही, आणि डॉक्टरांना तोच हवा असतो. रेषेच्या बाबतीत सांभाळायचं ते दोन बिंदूंमधलं अंतर. १, २, ३ जुलै आणि मग एकदम १५ जुलै असे आकडे असतील तर आडव्या अक्षावरही बारा दिवसांची मोकळी जागा पडायला हवी. शीटमध्ये तारखा मजकूर म्हणून पडल्या असतील तर ती चौघांना सारख्याच अंतरावर बसवते, आणि हळूहळू वाढलेला साठा एका रात्रीत उसळल्यासारखा दिसतो.

## नकाशात जमीन मोठी दिसते, माणसं नाही

नकाशा सगळ्यांना आवडतो, कारण प्रत्येक जण आधी आपला जिल्हा शोधतो. पण त्याच्यात एक मोठी खोच आहे. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई उपनगराचं ४४६. नकाशावर गडचिरोली तळहाताएवढी, उपनगर मोहरीएवढं. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत सुमारे १०.७ लाख माणसं होती, उपनगरात ९३.६ लाख. लोकसभेच्या निकालाचा रंगीत नकाशा पाहताना आपण माणसांचा कौल पाहतोय असं वाटतं, पण डोळा जमीन मोजत असतो. मुंबईच्या सहा जागा त्यात शोधाव्या लागतात. म्हणून अनेक ठिकाणी मतदारसंघ सारख्या आकाराच्या चौकोनांनी किंवा षटकोनांनी दाखवतात. ओळखीचा आकार जातो, पण एक जागा ही एक जागाच दिसते.

दुसरी चूक नुसत्या संख्येची. जिल्ह्यातल्या मोटारी, रुग्ण, गुन्हे, काहीही नुसतं मोजून नकाशा रंगवला की तो पुणे, ठाणे, मुंबईत गडद होतो. तो लोकसंख्येचाच नकाशा असतो, फक्त शीर्षक बदललेलं. दर लाख लोकांमागे किती, असं काढा.

आणि जिल्ह्याच्या पोटात काय चाललंय ते एका रंगाला सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला ७३. त्या दिवशी 'मुंबईचा पाऊस' म्हणून एकच सरासरी रंग भरला असता तर तो उत्तरेकडच्या बुडालेल्या घरांसाठीही खोटा ठरला असता आणि दक्षिणेकडच्यांसाठीही.

परदेशी साधनांतले भारताचे नकाशे वापरताना सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी ताडून घ्या. काश्मीर आणि अरुणाचलपाशी ते अनेकदा वेगळे असतात.

## रंग कमी, अर्थ जास्त

शीट्स प्रत्येक स्तंभाला वेगळा रंग द्यायला तयार असते म्हणून द्यायचाच असं नाही. ज्याकडे लक्ष वेधायचं त्याला गडद रंग, बाकी सगळं राखाडी. लाल आणि हिरवा शेजारी वापरू नका, काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. माझी तपासणी सोपी आहे: चित्राची काळीपांढरी झेरॉक्स काढायची. ग्रामपंचायतीच्या फलकावर शेवटी झेरॉक्सच लागते. तिच्यात अर्थ टिकला तर चित्र पास. त्रिमितीचा, म्हणजे ठोकळ्यांसारखा दिसणारा प्रकार टाळाच. पुढचा ठोकळा मागच्याला झाकतो आणि उंची कुठे मोजायची हेच कळत नाही.

शीर्षकात 'धरणसाठा' एवढंच लिहून थांबू नका. 'साखळीत ३९ टक्के पाणी, मोठी दोन धरणं अजून निम्म्याच्या खाली' असं लिहा. खाली आकडे कुठून घेतले आणि कोणत्या तारखेचे, हे बारीक अक्षरात. तारखेशिवाय फिरणारं धरणाचं चित्र पुढच्या वर्षी पुन्हा येतं आणि लोक ते आजचं समजतात.

## 'तक्ताच बरा की, चित्र कशाला?'

कधी कधी खरंच तक्ता बरा. चारच आकडे असतील आणि वाचकाला नेमका आकडा हवा असेल तर तक्ता द्या. रेल्वेच्या वेळापत्रकाचा आलेख कुणालाच नको असतो.

पण आकडे वाढले की तक्ता गप्प बसतो. १९७३ मध्ये फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांची सरासरी, चढउताराचं प्रमाण, दोन गोष्टींमधल्या संबंधाचं माप, सगळं जवळपास सारखं. तक्ता वाचून चौघे जुळे वाटतात. ठिपके काढल्यावर एकात साधा चढ दिसतो, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेषा आणि एक भटका ठिपका, चौथ्यात एक सोडून सगळे एकाच उभ्या रेषेत. सरासरी जे झाकते ते डोळ्याला दिसतं.

## 'हे सगळं आता एआय करून देतं ना?'

देतं. चॅटबॉटला तक्ता दिला की अर्ध्या मिनिटात चित्र येतं, आणि ज्याला मेनू शोधायचा कंटाळा आहे त्याने ते जरूर वापरावं. पण 'या चार धरणांचा चार्ट काढ' म्हणून टक्के दिलेत तर तोही मावशीचंच चित्र काढून देईल. टीएमसी हवेत की टक्के, शून्य कुठे, तुलना कशाशी, हे सांगणं तुमच्याकडेच राहतं. शिवाय आलेला प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी ताडून बघा, कारण मधला एखादा आकडा बदलला तरी चित्र तितकंच देखणं दिसतं.

प्रोग्रॅमिंग येत नसल्याची खंत बाळगणाऱ्यांना मी दोन नावं सांगते. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये देशादेशांतल्या व्यापाराचे रेषालेख आणि स्तंभालेख छापले, तेव्हा वीजही नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचं पाकळ्यांसारखं चित्र केलं. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक मेले, हे तिने त्यातून सरकारला दाखवून दिलं. तिच्याकडे नोंदी होत्या, आणि काय दाखवायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

नोंदी आपल्याकडेही आहेत. जलसंपदा विभागाचा रोजचा धरणसाठा, हवामान विभागाचा पाऊस, जनगणनेचे तक्ते, आणि दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. पाहणीतला एखादाच तक्ता उचला आणि आपल्या जिल्ह्यापुरतं चित्र काढा. सुरुवातीला तेवढं पुरे.

मावशीला मी पट्ट्यांचं चित्र पाठवलं. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन. "खडकवासला एवढंसंच आहे होय? मी तर त्याच्याकडे बघून पाणी मोजत होते." थोडं थांबून म्हणाली, "पण टेमघर एवढं रिकामं का गं?" मी तिला २०१६ ची गोष्ट सांगितली. टेमघरच्या भिंतीतून पाणी गळत असल्याचं तेव्हा उजेडात आलं, पुढे दुरुस्तीसाठी ते मुद्दाम रिकामं करावं लागायचं, आणि रिकामं केलेलं धरण पावसाळ्यात तळापासून भरायला लागतं.

"मग दर वर्षी १५ जुलैला टेमघरात किती पाणी होतं, ते काढून बघता येईल? २०१६ च्या आधीचं आणि नंतरचं?"

"येईल की. तूच काढ. मी फोनवर सांगते."

पलीकडून वही उघडल्याचा आवाज आला. "दोन रकाने आखलेत. वर्ष, आणि दुसऱ्याला काय लिहू? टक्के की टीएमसी?"